धोंड्याच्या महिन्यातली पेनल्टी

"जावयाच्या पायाला ज्याचा पाय लागंल, त्यानं पुन्हा माझ्या दारात पाणी प्यायला यायचं नाही," आई म्हणाली.

जुना पिंपळ तालमीच्या फुटबॉल संघाचे आम्ही माजी खेळाडू आमच्या सोप्यात मांडी घालून बसलो होतो. सगळे चाळिशी ओलांडलेले, पोट सुटलेले. तोंडं बंद राहावीत म्हणून आईनं प्रत्येकाच्या हातात पोह्याची बशी दिली होती. तरी बापू साळोख्यानं घास गिळला आणि विचारलं, "काकी, फुटबॉल पायानंच खेळत्यात की ओ. पाय लागणारच."

"मला शिकवू नको. धोंड्याचा महिना आहे. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. नारायणाला लाथ घालणार व्हय तू?"

"मग नारायणाला गोलासमोर मोकळं सोडायचं?"

"त्यांना काय करायचं ते करतील. तुम्ही बाजूला व्हायचं."

बापूनं माझ्याकडं बघितलं. मी गोलकीपर. मी पोह्यातला शेंगदाणा शोधायला लागलो.

ही गोष्ट २०१०च्या उन्हाळ्यातली. त्या वर्षी अधिक वैशाख होता. दर तीन वर्षांनी येणारा हा जादा महिना आमच्या कोल्हापुरात जावयांचा. पुरणाचे धोंडे, नवे कपडे, तेहेतीस अनारशांचं ताट आणि त्यावर दिवा. आणि आमच्या घरचा जावई होता ग्विन प्रिचर्ड, वय वर्षं अठ्ठावन्न, उंची सहा फूट दोन इंच, मुक्काम वेल्स.

माझी थोरली बहीण नलूताई नर्स. आधी आखातात, मग वेल्समध्ये. लग्नाचा विषय काढला की फोन ठेवायची. ती चव्वेचाळिसाव्या वर्षी आपल्याच एका पेशंटशी लग्न करून मोकळी झाली. पेशंट गुडघ्याच्या ऑपरेशनला आला होता, पहिली बायको वारलेली. आईनं तीन दिवस अन्नाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी कळलं की हा माणूस चौदा वर्षं फुटबॉल खेळून निवृत्त झालाय. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" म्हणून ती उलट नलूताईवरच चिडली आणि जेवायला बसली. आमच्या पेठेत सगळं चालतं, फक्त फुटबॉल न कळणारा माणूस चालत नाही.

लग्नानंतर जोडी पहिल्यांदाच आली होती. सगळी पेठ त्यांना दाजी म्हणायला लागली. अकरा दिवसांत दाजींना एकोणीस टॉवेल-टोप्या मिळाल्या. आमच्या गल्लीतल्या बायका ओवाळायच्या आणि दाजी खाली वाकायचे, तरी कुंकू नाकालाच लागायचं. ताईनं त्यांना थोडं मराठी शिकवलं होतं, पण त्यातला एकच शब्द ते दिवसभर वापरायचे. "आईशप्पथ?" कुणी म्हणालं हे तूप घरचंय, की यांचं लगेच, "आईशप्पथ?" समोरचा चाचरला तर ते हसून बोट हलवायचे. आमच्याकडं माणूस थापा कितीही मारेल, पण आईची शपथ घ्यायची वेळ आली की विषय बदलतो, हे त्यांनी चार दिवसांत ओळखलं होतं.

आता सामन्याचं. हंगाम संपला की आमची जुना पिंपळ आणि पलीकडच्या पेठेची नंदी तालीम यांच्या माजी खेळाडूंचा प्रेमाचा सामना व्हायचा. प्रेमाचा म्हणजे टाके दोन-तीनच पडायचे. नंदी तालमीचा अध्यक्ष माझा सख्खा मामा, श्रीपतीमामा. आईचं माहेर तिकडं. त्यामुळं सामन्याच्या आठवडाभर आधीच मामा फेटा बांधून आला आणि सोप्यात बसून म्हणाला, "अक्का, जावई आमच्याकडनं खेळणार."

मी म्हटलं, "का म्हणून? आमचे दाजी आहेत ते."

"म्हणूनच. सासुरवाडीनं जावयाला आपल्या संघात खेळवायचं म्हणजे राबवून घेणं झालं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला राबवून घेत्यात व्हय रे?"

आईला हे पटलं. माहेरचं तिला कायमच पटतं.

"आणि त्यांना आम्ही सगळ्यांच्या पुढं खेळवणार," मामा म्हणाला.

"मामा, ते आयुष्यभर बॅकला खेळलेत. गोल अडवणारा माणूस आहे तो."

"असंल. पण जावयाला मागं उभं करायचं? लोक तोंडात शेण घालतील की माझ्या!"

झालं. चौदा वर्षं पुढच्यांना आडवं पाडलेल्या माणसाला नंदी तालमीनं फॉरवर्ड केलं, आणि त्यांच्या समोरच्या गोलात मी.

रोज सकाळी सहाला मी दाजींना मैदानावर न्यायचो. ते पेनल्टीच्या खुणेवरून चेंडू मारायचे, मी अडवायचो. पाय अजून घोड्यासारखा होता, पण चेंडू दरवेळी माझ्या उजव्या हाताला. दहातले नऊ. मग चौकात जाऊन आम्ही म्हशीचं समोर पिळलेलं दूध प्यायचो. फेसाळ ग्लास दाजींना फार आवडायचा.

सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "मान्या, तू किती पेनल्ट्या अडवल्यास?" ते इंग्रजीतच बोलायचे. माझं इंग्रजी बँकेतल्या क्लार्कचं, पण फुटबॉलचं बोलणं असलं की दोघांचंही अडत नसे.

मी छाती फुगवून सांगितलं, "सगळ्या आठवत नाहीत. पण नंदी तालमीनं आजवर मला पाच पेनल्ट्या मारल्या. पाचही अडवल्या. मामाला विचारा." हे खरं होतं. पेठेत माझी तेवढीच इज्जत होती.

"आईशप्पथ?"

"आईशप्पथ!"

मग त्यांनी मिशीचा फेस पुसला. "मी चारशे बारा सामने खेळलो. गोल किती सांग."

"बॅकला म्हणजे... वीस?"

"शून्य."

मला वाटलं चेष्टा. पण ते हसत नव्हते.

"स्वतःच्याच गोलात तीन," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या गोलात एकही नाही. आमच्या क्लबात दारातच लाकडी फळा आहे. क्लबसाठी एक जरी गोल केला तरी सोनेरी अक्षरांत नाव लिहितात. आमच्या गोलकीपरचंसुद्धा नाव आहे. त्यानं मारलेला चेंडू वाऱ्यानं थेट समोरच्या गोलात गेला एकदा. नंतर मी तिथं बावीस वर्षं टपाल वाटलं. रोज सकाळी क्लबाची पत्रं टाकायला त्याच फळ्याखालून जायचो. वरच बघायचो नाही."

दूधवाल्यानं विचारलं, अजून देऊ का. दाजींनी मान हलवली.

"इथं सगळे मला देव करून बसलेत. मी आलो की माणसं बाजूला होतात. आज मैदानावरही होतील, बघ. तू होऊ नकोस. तू तुझं काम करायचं. मला चुकून एक गोल मिळालाच, तर तो खरा असला पाहिजे. दिलेला नको."

"नाही देणार."

"आईशप्पथ?"

मी ग्लास हातात धरून म्हटलं, "आईशप्पथ."

चार वाजता सामना सुरू झाला. ऊन मी म्हणत होतं, तरी दोन्ही पेठा लोटल्या होत्या. आई आणि नलूताई गोलाच्या बाजूलाच, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, छत्री धरून. पहिल्या हाफला दाजींना मामानं सावलीत बसवलं. दमतील म्हणून. आम्ही दोन-एकनं पुढं गेलो. दुसऱ्या हाफला दाजी उतरले आणि त्यांनी सकाळी सांगितलं होतं तसंच झालं.

चेंडू दाजींकडं आला की आमचे बॅक वाटेवरनं हटायचे. किरण माने एकदा धावत आला, समोर दाजी दिसले, तसा जागच्या जागी थांबला आणि "या दाजी" म्हणाला. नंदीवालेही कमी नव्हते. पास देताना चेंडू अदबीनं सरकवायचे, जणू पानाचं तबकच पुढं करतायत. दाजी लाल झाले. उन्हानं नव्हे. त्यांनी वेल्शमध्ये काहीतरी बोलून चेंडू मुद्दाम मैदानाबाहेर मारला. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती. दाजी चेंडू घेऊन आमच्या डीत, गोलासमोरच्या चौकोनात, शिरले. समोर बापू साळोखे. बापूला आईचे शब्द आठवले असणार. त्यानं पाय मागं घेतले, कमरेत वाकला आणि दोन्ही हात पुढं करून वाट दाखवली. दाजी आतनं उसळले होते. त्यांनी जोरात चेंडू हाणला, तो सरळ बापूच्या हातावर बसला.

शिट्टी वाजली. हँडबॉल. पेनल्टी.

"आरं, मी वाट देत होतो!" बापू पंचांना सांगत होता. "पाव्हण्याला वाट दिली तर पेनल्टी व्हय?"

मैदान पेटलं. नंदी तालीम एका सुरात ओरडायला लागली, "दाजी! दाजी!" आमची पेठ ओरडत होती, "मान्या, सोडू नको! पाचाचं सहा कर!" आणि या सगळ्या गोंधळात, आपली आई असली की तिचाच आवाज ऐकू येतो, तसा मला ऐकू आला.

"मान्या! सोड तो बॉल! धोंड्याच्या महिन्यात जावयाला रिकाम्या हातानं पाठवणार व्हय रे?"

दाजींनी खुणेवर चेंडू ठेवला. गुडघ्याचा पट्टा घट्ट केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि किंचित मान हलवली. तू तुझं काम कर.

नलूताई खुर्चीवरनं उठून उभी राहिली होती. तिनं पदर तोंडात धरला होता. तिला फळ्याचं माहीत असणारच.

नंतर काय झालं ते लोकांनी डोळ्यांनी बघितलंय. पंचांनी शिट्टी वाजवली, दाजी धावले, मी डावीकडं झेप घेतली आणि चेंडू माझ्या दोन्ही हातांत येऊन बसला. छातीशी धरून मी मातीत पडलो. सहावी पेनल्टी. आमची पेठ मैदानात घुसली. मला खांद्यावर घेतलं. मी ओरडतोय, "खाली सोडा," पण ऐकतो कोण.

गर्दी फोडून दाजी आले. मला उचलून खाली उतरवलं आणि असं कवटाळलं की माझ्या बरगड्या वाजल्या. मामाच्या हातातला माईक घेऊन त्यांनी भाषणच ठोकलं, नलूताईनं मराठीत सांगितलं. "या गावात सगळ्यांनी मला देव केलं. एकाच माणसानं मला फुटबॉलवाला समजलं. माझा मेहुणा, मानसिंग इंगवले!" दोन्ही पेठांनी टाळ्या वाजवल्या. मामानं सुद्धा.

टाळ्या वाजवल्या नाहीत फक्त आईनं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. धोंडे सगळ्यांना आणि मला कालची भाकरी. जावयाला वाण देताना तिनं मला सोप्यातसुद्धा उभं राहू दिलं नाही. दाजींनी आपल्या ताटातला एक अनारसा खिशात घालून हळूच मला आणून दिला. मी खाल्ला. तो घशातच अडकून बसला, दोन तांबे पाणी प्यायलो तरी खाली उतरेना.

कारण दाजी रोज शंभरदा विचारायचे, पण त्या पेनल्टीबद्दल त्यांनी मला "आईशप्पथ?" एकदाही विचारलं नाही. मी देवाचे आभार मानले. विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती.

मी ती पेनल्टी अडवली नव्हती.

मी सोडली होती. दाजींनी पट्टा घट्ट केला, नलूताईनं पदर तोंडात धरला, तेव्हाच माझं ठरलं होतं. म्हटलं, गेली खड्ड्यात माझी पाच पेनल्ट्यांची इज्जत. चारशे बारा सामन्यांत शून्य असलेला माणूस, त्याला एक गोल मिळतोय, कुणाला कळणार आहे? दाजी दरवेळी माझ्या उजव्या हाताला मारतात. म्हणून मी डावीकडं झेप घेतली. मोकळा गोल सोडून. आणि नेमका त्याच दिवशी त्यांनी चेंडू डावीकडं मारला! सोडायला गेलो आणि अडवून बसलो. नशीब म्हणायचं की काय म्हणायचं, मला कळेना. पेठेत मी हिरो झालो. तालमीत माझा फोटो लागला. दाजी दर महिन्याला फोन करून तिकडच्या दोस्तांना सांगायचे, हाच तो माणूस, ज्यानं माझी गय केली नाही. मी हसायचो. आणि लगेच ताईला फोन द्या म्हणायचो.

आई दोन हजार एकवीसला गेली. जाताना मला म्हणाली, "काही कर, पण धोंड्याला दाजींचं ताट चुकवू नको." तेवीसला पुन्हा अधिक महिना आला, या खेपेला श्रावण. दाजींचे दोन्ही गुडघे बदललेले, त्यांना विमानात बसवत नव्हतं. मग माझ्या बायकोनं, शैलानं, तेहेतीस अनारसे तळले, डब्यात भरले आणि मी ते घेऊन वेल्सला निघालो. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, आणि सगळा वेळ डबा मांडीवर.

त्यांचं घर छोटंसं, टेकडीच्या उतारावर. आत शिरलो तर टीव्हीच्या वर भिंतीवर माझाच फोटो. मातीत पडलेला मी, छातीशी चेंडू. मी त्या खोलीत फोटोकडं पाठ करूनच बसायला लागलो. नलूताईनं दाजींना ओवाळलं, मी ताट हातात दिलं. मागच्या अंगणात दाजींनी कांद्याच्या पातीसारखी एक भाजी लावली होती, मनगटाएवढी जाड, लीक म्हणतात तिला. तिकडं तिच्या स्पर्धा भरतात, कुणाची जास्त जाड म्हणून. टपाल वाटायचं थांबल्यापासून दाजींचा सगळा जीव त्या वाफ्यात. पुढच्या शनिवारी ती स्पर्धेला जायची होती.

संध्याकाळी आठ वाजले तरी लख्ख ऊन. आम्ही दोघं अंगणात बाकावर बसलो होतो, मध्ये अनारशांचं ताट. त्यांचा सातवा चालू होता. माझ्याच्यानं राहवेना.

"दाजी, एक सांगायचंय. त्या पेनल्टीला मी मुद्दाम डावीकडं गेलो होतो. तुम्हाला गोल द्यायला."

दाजी चावायचे थांबले नाहीत.

"माहितीय," ते म्हणाले.

"काय माहितीय?"

"मी धावायच्या आधीच तुझा गुडघा डावीकडं वाकला. चौदा वर्षं मी समोरच्याचे पायच बघत होतो, मान्या. मला दुसरं काही येतच नव्हतं."

"आईला! मग उजवीकडं मारायचा की! सगळा गोल मोकळा होता!"

"म्हणूनच नाही मारला."

मी ताटातला एक अनारसा उचलला. मग सगळं एकेक करून डोक्यात उतरायला लागलं. घोड्यासारखा पाय असलेल्या माणसाचा तो मऊ फटका. सरळ माझ्या हातात आलेला.

"तुम्ही माझ्या हातात मारलात तो? मुद्दाम?"

"दिलेला नको म्हणून सांगितलं होतं तुला."

"आणि माईकवर ते सगळं? फुटबॉलवाला समजलं, गय केली नाही..."

"दोन पेठा बघत होत्या," दाजी म्हणाले. "त्यांच्यासमोर तुझी लाज काढू? सासुरवाडी आहे माझी."

मला एकदम रडूच आलं. सत्तावन्न वर्षांचा बाप्या, परक्या मुलखात, हातात अनारसा घेऊन हमसून रडतोय. तेरा वर्षं मी समजत होतो की माझं पाप मी एकट्यानं सांभाळतोय. ते पाप या माणसानं पहिल्या दिवसापासून पोटात घातलं होतं, वर माझा फोटो लावला होता.

"शपथ घेतली होती मी," मी म्हटलं. "आईची."

"हो. म्हणून तर मी त्या दिवशी परत विचारलं नाही." त्यांनी बोटं पुसली, बाकाचा आधार घेऊन उठले आणि शेडमधून चेंडू घेऊन आले. "ऊठ. तिथं उभा राहा."

कपडे वाळत घालायचा खांब एका बाजूला, दुसऱ्या बाजूला त्यांनी खुर्ची ठेवली. मागं लीकचा वाफा.

"दाजी, गुडघे..."

"नवे आहेत. दोन्ही. तुझं पोट सांभाळ."

त्यांनी मोजून बारा पावलं टाकली आणि चेंडू ठेवला. मी पँट वर ओढली. आई नव्हती, मामा नव्हता, पेठ नव्हती. समोर एकाहत्तर वर्षांचा एक बॅक, शून्य गोल. त्यांना माहीत, मला त्यांची उजवीकडं मारायची सवय माहीत आहे. मला माहीत, त्यांना ते माहीत आहे. मी गुडघे अजिबात हलू दिले नाहीत. फक्त त्यांच्या पायाकडं बघत राहिलो, जीव डोळ्यांत आणून.

ते तीन पावलं धावले. उजवीकडं! मला दिसला. मी अख्खं अंग फेकलं. पोटासकट. बोटांची टोकं चेंडूला लागली, आईशप्पथ लागली, पण फटक्यात अजून तोच जोर होता. चेंडू बोटं वाकवून आत गेला आणि लीकच्या वाफ्यात घुसला. मागोमाग मीही. चार-पाच झाडं कडाकडा मोडली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून नलूताई ओरडली, "अहो! शनिवारची स्पर्धा!"

दाजींनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. ते वाफ्याच्या कडेला आले. मी उताणा पडलो होतो, तोंडात माती, हात ठणकत होता. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"आईशप्पथ?" त्यांनी विचारलं.

"आईशप्पथ," मी म्हटलं.

ते शेडकडं गेले. दारावर खडूनं एक उभी रेघ ओढली आणि बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले. मग परत आले, ताटातला एक अनारसा मोडून अर्धा मला दिला. मी मातीसकट खाल्ला. या खेपेला तो सरळ खाली गेला.